बोंड फुटण्याआधीचा थांबा

आमचे सर आपल्या नृत्यनाटिकेला बॅलेच म्हणायचे. लातुरात हा शब्द ऐकला की लोकांना चवड्यांवर चालणाऱ्या गोऱ्या मुली आठवायच्या आणि मग स्टेजवर काष्टा घातलेली कापसाची झाडं बघून त्यांची पंचाईत व्हायची. सरांना त्याचं काहीच वाटत नसे. पाय मातीतला असला तरी बॅले तो बॅलेच, असं म्हणून ते पुन्हा टाळी द्यायला लागायचे.

मी तबल्यावर. दिवसभर शाळेत गणित शिकवायचं आणि संध्याकाळी सरांच्या क्लासला जायचं, असा माझा क्रम. मला नको तिथं नाक खुपसायची खोड आहे, असं बायको म्हणते आणि ते खोटं नाही. त्यामुळे सर आणि मुख्य भूमिका करणाऱ्या बाई यांच्यात नेमकं काय आहे, याची मला फार उत्सुकता. बाई नांदेडच्या, शनिवार-रविवार एसटीनं तालमीला यायच्या. इतकी वर्षं एकत्र काम केलं, पण बोलणं कामापुरतंच. "हात जरा वर घ्या." "बरं सर." कुणी कुजबुजावं म्हटलं तरी तेवढाही मसाला नाही.

बाई कापसाचं बोंड व्हायच्या. आधी वाऱ्यापावसाचं अंगातला दम काढणारं नाचणं, आणि बोंड फुटायच्या अगदी आधी त्या प्रेक्षकांकडे पाठ करून थांबायच्या. बाकी सगळं गप्प, फक्त माझा हलका ठेका. हा थांबा मुळात नव्हता, काही प्रयोग झाल्यावर सरांनी एकदम घातला होता. त्या दिवशी बाई यायच्या होत्या, तेवढ्यात सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "त्यांच्या खांद्यांकडं बघत जा. खांदे शांत झाले की लय उचल. त्याच्या आत न्हाई." बाईंना त्यांनी एवढंच सांगितलं की तबल्यानं लय उचलली की वळा.

खांदे वरखाली व्हायचे. मला वाटायचं, बोंड श्वास घेतंय, काय अभिनय आहे! पेपरवाल्यांनीही त्या शांततेवर रकाने भरले. माझी शंका वेगळीच होती. हा थांबा कधी छोटा, कधी लांबलचक का? मापात असायला नको का? सरांना विचारलं तर म्हणाले, "तू वाजव."

सर गेल्या वर्षी गेले. क्लास बाईंनी हातात घेतला आणि बोंडाची भूमिका जळकोटच्या एका मुलीला दिली. मग नांदेडच्या महोत्सवाचं बोलावणं आलं, पण अट अशी की संगीत रेकॉर्ड केलेलंच हवं. रेकॉर्डिंगवाला तालमीला आला.

त्या दिवशी मुलगी थांब्याला आली, पाठ केली आणि खांदे जोरजोरात वरखाली करायला लागली. बाईंनी टाळी देऊन थांबवलं.

"हे काय करून राहिलीस?"

"व्हिडिओत तुम्ही असंच करता की, बाई. मी आरशासमोर लई प्रॅक्टिस केली."

मला हसू फुटलं, पण बाईंचा चेहरा उतरला होता. "ते बसवलेलं न्हाई," त्या म्हणाल्या. "ते करू नको."

रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं, हा थांबा किती आवर्तनांचा धरू? बाई चटकन म्हणाल्या, "काढूनच टाका." मला राग आला. सर जाऊन वर्ष झालं नाही आणि त्यांच्या कामाला कात्री? मी जरा तावातच म्हणालो, "काढायचा कसा? आणि मोजायचाही कसा? सरांनी मला सांगून ठेवलंय, बाईंचे खांदे शांत होईपर्यंत लय उचलायची नाही."

"सर खांदे म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"हाव. थांबा घातला त्याच दिवशी."

बाई तिथंच पायरीवर बसल्या. मग पर्समधून दम्याचा पंप काढून त्यांनी मांडीवर ठेवला, आम्हाला दिसेल असा. इतक्या वर्षांत मी तो कधी पाहिला नव्हता.

"मला वाटायचं, सरांना सुचलं म्हणून त्यांनी थांबा घातला," त्या म्हणाल्या. "आणि मी त्यात चोरून श्वास घेऊन राहिले. दरवेळी वाटायचं, आता त्यांना कळंल आणि ते दुसरी बाई बघतील. प्रत्येक प्रयोगाला भीत होते मी."

मुलीनं त्यांना पाणी आणून दिलं. बोंडाचा श्वास म्हणून मी ज्याला दाद देत आलो, तो या बाईचा अडकलेला श्वास होता. आयोजकांना बाईंनी फोन करून सांगितलं की थांब्यापुरता तबला प्रत्यक्ष वाजेल, नाहीतर आम्ही येत नाही. त्यांनी कुरकुर करत मान्य केलं.

नांदेडला जाताना बसमध्ये बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. अहमदपूर मागे पडलं तरी त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. लोहा जवळ आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्हाला सांगितलं. मला का न्हाई सांगितलं त्यांनी?"

मीही इतके दिवस त्याचाच विचार करत होतो. म्हटलं, "त्यांना माहीत आहे हे कळलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

"नाच सोडला असता," बाई म्हणाल्या. "त्याच दिवशी."