तक्त्याखालची नावं

आमचे हे रुग्णवाहिकांच्या डेपोत ड्युट्या लावतात. कोण दिवसा, कोण रात्री, कोण राखीव, सगळं कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात. प्रत्येक पाळीचं पान वेगळं, आणि त्या पानांची नावं तक्त्याखालच्या पट्टीवर. नावावर क्लिक केलं की पान उघडतं. ड्रायव्हर ह्यांना ड्युटीकाका म्हणतात. रात्रपाळी लागली की मनातल्या मनात आणखीही काही म्हणत असतील. माणूस शांत, पण महाहट्टी. घरच्या कपाटालाही खणाखणावर चिठ्ठ्या. मी एकदा रुमालांच्या खणात मोजे ठेवले, तर दिवसभर अबोला.

मध्यंतरी त्यांच्या डोक्यात रक्ताची गुठळी झाली. वाचले. हातपाय, बोलणं सगळं ताळ्यावर आलं. डॉक्टरांनी एवढंच बजावलं होतं, की नजरेतला एखादा तुकडा गळाल्यासारखा वाटला तर लपवू नका. मग मात्र हे काम बंद. ह्यांनी मान डोलावली होती. ड्युटी चुकली तर गाडी वेळेवर निघत नाही, हे त्यांना कोणी समजावायला नको होतं.

कामावर परतले त्याच दिवशी दुपारी फोन. "अगं, चष्मा घरी राहिलाय. घेऊन ये."

मी सगळं घर पालथं घातलं. चष्म्याचा पत्ता नाही. चडफडत डेपोत पोचले, तर चष्मा ह्यांच्या नाकावर. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांनी मला आपल्याच खुर्चीत बसवलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"समोर तक्ता आहे ना? त्याच्या अगदी खाली काय दिसतं ते वाच."

"काय वाचू? करडी पट्टी आहे."

"पट्टीवर नावं? दिवस, रात्र, राखीव?"

"नाहीत."

"नीट बघ."

"अहो, नाही म्हणजे नाही. डोळे फुटलेत का माझे?"

बोलून गेले आणि वळून पाहिलं. दोन्ही हातांनी चेहरा झाकून उभे होते, खांदे हलत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चष्मा हे नुसतं निमित्त होतं. ती नावं ह्यांनाही दिसत नव्हती, आणि सकाळपासून हा माणूस स्क्रीन सोडून स्वतःलाच तपासत होता. मान वाकडी करून, एक डोळा मिटून, काचेवर बोट फिरवून. त्याच पट्टीखाली कोपऱ्यातलं घड्याळ त्यांना स्वच्छ दिसत होतं, पण घाबरलेल्या माणसाला कुठली आलीय अक्कल. ऑफिसात विचारायचीही सोय नाही. विचारलं आणि समोरचा "आहेत की" म्हणाला, तर संपलंच. मला रडू आलं, आणि आधी सांगितलं नाही म्हणून रागही आला.

भीती गेल्यावर हे आपल्या वळणावर आले. खालचा सरकपट्टा उजवीकडे ओढून पाहिला. त्याच्यामागे नावं दबली नव्हती. मग पानंच कोणी लपवलीत का पाहिलं. 'लपवलेलं दाखवा' हा पर्याय फिका, म्हणजे लपवलेलं काही नाही. शेवटी सेटिंगमध्ये खोल शिरले. 'शीट टॅब दाखवा', म्हणजे पानांची नावं दाखवा, ह्याच्यासमोरची खूण गायब. ती केली, आणि नावं ओळीने हजर.

आजारपणात ह्यांचं काम सांभाळणारी मुलगी तेवढ्यात जेवून आली. पट्टीवर नावं परत आलेली तिने पाहिली.

"काका, ते मीच बंद केलं होतं. ड्रायव्हर मागे उभे राहून एकमेकांच्या रात्रपाळ्या वाचायचे नि भांडत बसायचे. मी कीबोर्डवरूनच पानं बदलते. तुम्हाला सांगायचं राहिलं बघा."

"असू दे. युक्ती चांगली आहे," हे म्हणाले, आणि नाक शिंकरलं.

ती आपल्या जागेवर गेल्यावर मी हळूच विचारलं, "आणि मला नावं दिसली असती तर?"

"तर तुझ्याबरोबर घरी आलो असतो."

टेबलाखाली माझ्या पायाला काहीतरी लागलं. पिशवी होती. आत त्यांचा चहाचा कप, खुर्चीवरची उशी, खणातलं पेन. सगळं आधीच भरून ठेवलेलं. मी वाकले आणि एकेक वस्तू काढून परत जागेवर ठेवली.