गोदामावशी आणि माझं "नाही"

गोदामावशी स्लॅबखाली कधी जेवली नाही. भूकंपात दगडमातीचं घर नवऱ्यासकट बसलं, तेव्हा तान्ह्या रेखाला घेऊन ती लातूरला आली. पुढे क्लासच्या मुलींसाठी पत्र्याच्या शेडमध्ये मेस चालवू लागली. "पत्रा उडतो बाई, दाबत न्हाई," म्हणायची. शेवग्याच्या पाल्याची भाजी आठवड्यातून तीनदा. कुणी नाक मुरडलं की, "खा गुमान. कातडीला, केसाला लई चांगली हाय."

मी मेडिकलच्या परीक्षेची तयारी करत होते. चेहरा मुरुमांनी भरलेला. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेल्या गोळ्या दिल्या. ओठ फुटले, केस गळले, पण चेहरा निवळला. "उरल्या तर कुणाला देऊ नकोस. पोटातल्या बाळाला घातक असतात," त्यांनी बजावलं होतं. क्लासमध्येही शिकवलं होतं : गर्भात कातडी कशी घडावी, केस कुठे उगवावेत, हे ठरण्यात 'अ' जीवनसत्त्वाचा हात असतो, ते जास्त झालं की बाळाची घडणच बिघडते. चाचणीत मी हे उत्तर अचूक लिहिलं होतं.

रेखाचं लग्न ठरलं. गालावरच्या मुरुमांपायी ती रडत होती. उरलेल्या गोळ्या मी पाकिटासकट तिच्या हातात ठेवल्या. लग्नाआधी थांबव, एवढंसुद्धा बोलले नाही.

सासरी, धर्माबादला, ती त्या घेतच राहिली. चौथ्या महिन्यात नांदेडच्या डॉक्टरांना बाळात दोष दिसला. गर्भ पाडावा लागला.

भाकरी वाढताना मावशीनं विचारलं, "त्या गोळ्या तू दिल्या व्हत्या का गं?"

"नाही."

तिनं ताटात दुसरी भाकरी टाकली.

डॉक्टर झाल्यावर कबूल करायला गेले, तेव्हा मावशी अंथरुणाला खिळली होती. ऐकून म्हणाली, "रेखा म्हनली, दुकानातून घेतल्या. पर पाकिटावर तुझं नाव व्हतं."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"तुझी परीक्षा तोंडावर आल्ती. रडत बसली असतीस." मग तोंड भिंतीकडे वळवून म्हणाली, "मला कशाला सांगायलीस? रेखाला सांग."

मी लगेच गेले नाही. महिनाभरात मावशी गेली. तेराव्याला रेखा भेटली. मी बोलायला लागले तशी तिनंच माझा हात धरला.

"जाऊ द्या ताई. सासरी लई ऐकलं, पर तुमचं नाव घेतलं न्हाई. तुम्हाला तरी तवा कुठं ठावं व्हतं?"

"ठाऊक होतं, रेखा," मी म्हणाले.

तिनं हात सोडला.