गहू आमचा, गच्ची त्यांची

दोन देशांची मैत्री कशी टिकवायची हे जगात तिघांनाच कळतं, असं माझं ठाम मत आहे. एक दिल्लीत असतात, एक मॉस्कोत आणि तिसरे ओझरला राहणारे आमचे व्याही. पहिल्या दोघांच्या हाताखाली खातीच्या खाती आहेत. आमच्या व्याह्यांनी सगळा कारभार एकट्यानं, एका जुन्या स्कूटरवर सांभाळला आहे.

त्यांची सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात झाली. रशियाशी करार करून तिथे लढाऊ विमानं बनायची, आणि तरुणपणी हे प्रशिक्षणासाठी काही महिने सायबेरियात राहून आले होते. तिकडून लोक फरची टोपी आणतात, यांनी एक विचार आणला. ज्यांची भाषा आपल्याला कळत नाही, जेवण घशाखाली उतरत नाही, ज्यांच्या पापण्यांवर बर्फ धरतो, अशा माणसांच्या समोर उभं राहून आपण एकच पंख जोडू शकतो. मग नाशिक आणि ओझर इथल्या दोन घरांना काय अवघड आहे? हा विचार त्यांनी माझ्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत पहिल्यांदा मांडला. मी माझ्या सवयीप्रमाणे याद्या घेऊन बसले होते. मानपान, आहेर, जेवणं, कुणाला येवल्याची पैठणी आणि कुणाला साधं लुगडं, सगळं रकाने पाडून. त्यांनी याद्या आदरानं वाचल्या आणि परत दिल्या. म्हणाले, "विहीणबाई, तयारी एक नंबर आहे. पण हा खरेदी-विक्रीचा कागद झाला. आपल्याला भागीदारी करायचीये." मानपान रद्द झाला. जिलेबी की बासुंदी यावर मात्र तासभर घोळ चालला, तेव्हा त्यांनी उभं राहून संयुक्त निवेदन केलं: "चर्चा सौहार्दाच्या वातावरणात झाली. गोडाच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या भूमिकेची नोंद घेतली." म्हणजे जमलं नाही, असं आमच्या ह्यांनी मला कानात सांगितलं. लग्नात दोन्ही पदार्थ होते.

त्यांची कुठलीही भेटवस्तू सुट्या भागांशिवाय येत नाही. मला कुकर दिला तर त्याच्याबरोबर रबराच्या रिंगा, शिट्या आणि एक जादा दांडा. आमच्या ह्यांना घड्याळ दिलं त्यासोबत तीन पट्टे आणि सेल. "वस्तू कुणीही देतो हो," ते म्हणतात, "पुढं सुटे भाग कोण देतो त्यावरून माणूस ओळखायचा." दुसरा नियम असा, की समोरच्याचे इतर कुणाशी काय संबंध आहेत हे विचारायचं नाही. एका दिवाळीत माझ्या नणंदेनं त्यांना डिवचलं, "काय हो, तुमचा रशिया हल्ली चीनच्याच घरात पडलेला असतो म्हणे." व्याह्यांनी चकली मोडता मोडता उत्तर दिलं, "शेजार आहे त्यांचा. तुम्ही रोज शेजारणीकडे बसता, म्हणून माहेर तुटलं का?" नणंद त्यानंतर बराच वेळ फराळच करत होती.

पण सगळ्यात मोठा नियम म्हणजे वर्षातून एकदा भेट, आणि भेटीत दोघांनी मिळून काहीतरी बनवायचं. नुसतं जेवून ढेकर देणं त्यांना मान्य नव्हतं. संयुक्त उत्पादन पाहिजे. दोन्ही घरांची पाहणी करून त्यांनी कुरडया ठरवल्या, कारण गहू आमच्याकडे चांगला येतो आणि गच्ची त्यांची मोठी. अक्षय तृतीयेनंतरच्या रविवारी मी गव्हाचा चीक मोठ्या डब्यात भरून ओझरला न्यायचा, त्यांच्या पत्नीनं तो चुलीवर शिजवायचा आणि व्याह्यांनी सोऱ्या धरायचा. एका वर्षी ते कुरडई पाडत असताना डोक्यावरून विमान गेलं. आधी विमान दिसलं, मग आभाळ फाटल्यासारखा आवाज आला. व्याह्यांचा हात सोऱ्यावर तसाच थांबला, खाली कुरडई अर्धीच राहिली. "आपल्या दोघांचं," ते हळूच म्हणाले. दोघांचं म्हणजे कुणाचं, हे मी विचारलं नाही. मी कधी रिकामी उभी राहत नाही, पण त्या दिवशी हातात उलथनं घेऊन आभाळाकडे बघत राहिले, आणि चीक खाली लागला. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "चालू द्या तुमचं. करपलेला आम्ही बायका खाऊ."

मग मुलांचं बिनसलं. दोघं पुण्यात होती. आरडाओरडा नाही, आरोप नाहीत, वकिलाकडे जाऊन सह्या करून मोकळी झाली. मुलगी मला म्हणाली, "आई, आम्ही ठीक आहोत. तू यात पडू नकोस." मी पडले नाही. पण व्याह्यांना आता काय म्हणायचं, कुठल्या नात्यानं फोन करायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अक्षय तृतीया आली आणि गेली. त्यांचा फोन आला नाही, मीही केला नाही. आमचे हे म्हणाले, "संपलं ते आता." मी हो म्हटलं आणि त्या वर्षी कुरडया विकत आणल्या. कुणालाच आवडल्या नाहीत.

खरं तर त्याआधी मध्ये दोन वर्षं त्या दोन देशांचीही वार्षिक बैठक झाली नव्हती. तेव्हा व्याही मला समजावायचे, "भेट चुकली म्हणजे दार लागलं असं नसतं, विहीणबाई. कुणीतरी पुढं व्हावं लागतं." नंतर त्या देशांच्या भेटी सुरू झाल्या, आणि आमची अक्षय तृतीया चुकली त्याच वर्षी डिसेंबरात तर रशियाचे अध्यक्ष दिल्लीला आले. आपले पंतप्रधान शिष्टाचार बाजूला ठेवून स्वतः विमानतळावर गेले, दोघं एकाच गाडीत बसून निघाले. टीव्हीवर ते बघताना मी फोन शेजारी घेऊन बसले होते. पूर्वी असं काही झालं की व्याह्यांचा फोन यायचाच. त्या संध्याकाळी आला नाही.

यंदा अक्षय तृतीया झाल्यावर मी गहू भिजत घातला. आमचे हे रोज पाणी बदलताना बघत होते. शेवटी म्हणाले, "आधी फोन तर कर."

"फोन केला तर त्यांना हो म्हणावं लागेल."

"आणि गेलो आणि नको म्हणाले तर?"

"तर गूळ घालून चीक खाऊ. तुम्हाला आवडतो."

रविवारी सकाळी डबा मांडीवर धरून मी गाडीत बसले. ओझरला पोचलो तर दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नुसतं वर बोट दाखवलं. जिन्यात हळूच म्हणाल्या, "मागच्या वर्षी पण धोतर पसरलं होतं त्यांनी. संध्याकाळी घडी घातली. फोन करा म्हटलं, तर म्हणे, मुलाकडच्यांनी कुठल्या तोंडानं करायचा."

गच्चीवर पांढरं धोतर अंथरलेलं होतं, चारी कोपऱ्यांवर विटा. व्याही कडेला पाठमोरे उभे होते. वळले, डबा बघितला आणि चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "उशीर केलात. ऊन वर आलंय."

चूल पेटली. कुणी निवेदन केलं नाही, कुणी कुणाच्या भूमिकेची नोंद घेतली नाही. आमचे हे कधी नव्हे ते चीक ढवळायला बसले. निम्मं धोतर भरल्यावर व्याह्यांनी सोऱ्यात चीक भरता भरता, माझ्याकडे न बघता विचारलं, "पोरगी जेवते ना वेळेवर? तिला सकाळचं उपाशी जायची लय खोड होती."

"जेवते," मी म्हटलं. "आणि आपला मुलगा?"

"तोही जेवतो. एकटाच जेवतो, पण जेवतो."

दुपारी आम्ही निघायला उठलो तेव्हा त्यांनी धोतराकडे हात केला. कुरडया वरून पांढऱ्या दिसत होत्या, पण बोट लावलं की ओल्या लागत होत्या. त्यांना दोन उन्हं लागतात, सकाळी उलटायला माणसं लागतात. आम्ही कपडे आणले नव्हते. तरी मुक्कामाला राहिलो.