टाकातलं दार

आमची अक्का, मथुरा, मेलेल्या बाईवर जळायची. जिवंत सवत असती तर भांडून मोकळी झाली असती. मेलेलीशी भांडणार कुठे?

हुबळीत लॅमिंग्टन रोडवर भावोजींचा, विठ्ठलरावांचा, फोटो स्टुडिओ होता. त्यांची पहिली बायको रुक्मिणी तापाने गेली आणि दुसरेपणावर अक्काला दिली. अख्ख्या गावाचे फोटो काढणाऱ्या या माणसाने रुक्मिणीचा एकही काढला नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

भावोजी चित्रंही काढत. अडतीस साली मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना विलायती मासिक दिलं. त्यात सर्रिअलिस्ट म्हणवणाऱ्या चित्रकारांची, स्वप्नात दिसावीत तशी चित्रं होती. भावोजींना खूळच लागलं. स्टुडिओतल्या पडद्यावर त्यांनी एक बाई रंगवली. चेहऱ्याच्या जागी ढग, छातीत अर्धवट उघडं दार, दाराआड आकाश. लुगडं मात्र रुक्मिणीचं, पेटीत जपून ठेवलेलं हिरवं इरकल. अक्काने ते बघितलं आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

दुसरेपणाच्या बायकोने गळ्यात सवतीचा टाक घालायचा, ही आमची रीत. चांदीच्या पत्र्यावर मेलेलीची मूर्ती असते. भावोजींनी जुना टाक मोडून चित्रातल्या बाईसारखा नवा घडवून घेतला. छातीतल्या दाराला खरी बिजागरी बसवली. चित्रातलं दार कायम अर्धवट, हे मात्र नखाने उघडायचं. चित्रात दाराआड आकाश होतं, इथे अक्काची कातडी दिसायची.

"तिच्या दारातनं मी डोकावायची होय?" अक्का मला म्हणाली. नवऱ्याने एकदा तरी आपल्या चेहऱ्याकडे बघावं, एवढंच तिचं मागणं होतं. तेवढंही जास्त झालं!

मग भावोजींना चित्रातल्या त्याच बाईचा फोटो हवा झाला. अक्काने हिरवं इरकल नेसून, टाकाचं दार उघडं ठेवून बसायचं आणि तोंडावर काळी मखमल घ्यायची. तेव्हा फोटो काचेवर निघायचा आणि काळं काचेवर उमटत नाही. मग त्याच काचेवर, त्या रिकाम्या जागी, गच्चीवरून ढग घ्यायचे. मी तिच्या निऱ्या नीट करत होते. मला माझ्याच हातांचा राग येत होता.

"हलू नको हं," म्हणत भावोजींनी भिंगाचं झाकण काढलं आणि नजर घड्याळावर लावली. अक्काने सरळ मखमल खाली ओढली, भिंगाकडे रोखून बघितलं आणि पुन्हा तोंड झाकून घेतलं.

गच्चीवरून ढग घेऊन झाले आणि दुपारी लाल दिव्यात काच धुतली. अक्का मुद्दाम शेजारी उभी राहिली, मी दाराशी. ढगांतून अक्काचे नाक-डोळे वर आले. भावोजी ओरडतील असं मला वाटलं. ते स्टुलावर बसले.

"मला तिचा चेहरा आठवत नाही, मथुरा. म्हणून ढग घातले. तिथं कधीतरी ती दिसंल म्हणून बघत बसायचो. आता तूच दिसणार."

"दिसू दे की," अक्का म्हणाली. तिचा आवाज मात्र फाटला.

त्यानंतर जन्मभर, भावोजी जरा डोळे मिटून बसले की अक्का हातातलं काम टाकून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहायची.

"कोण दिसायलंय?"

"तूच की."

तिला ते एकदाही खरं वाटलं नाही.