कुंदाताई आणि माळावरचं कुंपण

बंद घराचं कुलूप काढण्याआधी कुंदाताई दारावर काठी आपटायच्या आणि मोठ्याने सांगायच्या, "आम्ही आलोय. ज्याला जायचं असेल त्याने आत्ताच जावं." मग चांगला वेळ थांबायच्या. साप, विंचू, पाली, जे कोणी आमच्या पश्चात घरात राहायला आलं असेल, त्याला सामान आवरायला सवड हवी ना! त्यानंतर किल्ली माझ्या हातात द्यायच्या आणि स्वतः चार पावलं मागे सरकायच्या.

कुंदाताई म्हणजे माझी नणंद, अविनाशची मोठी बहीण. भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं, नाशिक रोडला एकट्याच राहायच्या. त्यांना सगळ्याचीच भीती वाटायची. लिफ्टची, गॅसची, वळवाच्या विजांची, फोन लागला नाही तर त्याचीही. पण त्यांच्यासारखं भिणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही, कारण त्या कधी लपवायच्याच नाहीत. "मला भीती वाटतेय," हे वाक्य त्या "मला तहान लागलीय" इतक्या सरळ म्हणायच्या. आम्ही हसायचो. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

आम्ही राहायचो इंदिरानगरला. सुट्टीत चार दिवस शांत जावेत म्हणून सिन्नरच्या पुढे माळावर दोन खोल्यांचं घर बांधलं. पाऊस बेताचा, ऊन रग्गड, आणि आम्ही तिथे महिना महिना फिरकणार नाही. म्हणजे झाडं अशी हवीत की लावली आणि विसरली तरी जगतील. ती निवडायला मी ताईंना नर्सरीत घेऊन गेले, आणि तिथेच दुपार गेली.

नर्सरीवाल्याने पिवळी कण्हेर दाखवली. "पाणी नको, काळजी नको, गुरंसुद्धा खात नाहीत."

"का खात नाहीत?" ताईंनी विचारलं.

"विषारी असते ना."

"मग ते आधी सांगायचं, फुलं नंतर."

घायपातीची पाती त्यांनी बोटाने दुरूनच मोजली आणि म्हणाल्या, "हिचं टोक बरोबर लहान मुलाच्या डोळ्याशी येतं." बोगनवेल चालली, पण दारापासून लांब, तिच्या जाळीत काय बसलंय ते दिसत नाही. शेवटी ती बोगनवेल, कोरफड, पांढरा चाफा आणि एक कडुनिंब एवढ्यावर एकमत झालं. प्रत्येक झाडासमोर उभं राहून ताई एकच गोष्ट विचारायच्या, "आपण इथे नसताना हे काय करेल?" मला तेव्हा तो प्रश्न गमतीचा वाटला होता.

राहिलं कुंपण. शेजारचे शेतकरी शिवाजीभाऊ म्हणाले, "शेर लावा. काडी खोवली का लागतो. पाणी नाय, खत नाय, बकरी तोंड लावत नाय. फक्त त्याचा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाय, बस."

"हे 'बस' मला आवडलं नाही," ताई म्हणाल्या.

"ताई, तुला काय आवडतं ते एकदा सांग," अविनाश चिडून म्हणाला. "या माळावर काय गुलाब लावू?"

शेर लागला. पाण्याच्या थेंबाशिवाय माणसाच्या उंचीएवढा झाला, हिरव्या बोटांची भिंत झाली. आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचो. ताई तिच्यापासून लांबून चालायच्या.

मग तो मे महिना. आम्ही तिघं सकाळी पोचलो होतो. कुंपण रस्त्यावर आलं होतं म्हणून अविनाशने कोयता घेतला. वारं सुटलं होतं. मी आत भाकऱ्या टाकत होते, तेवढ्यात बाहेरून त्याची हाक आली. तशी हाक मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"मेधा! डोळे! डोळे जळतायत!"

मी धावले. त्याच्या हातांवर, कपाळावर पांढरा चीक उडालेला. घाम पुसताना त्याने तो दोन्ही डोळ्यांत भरला होता आणि आणखी चोळत होता. मी नळाकडे पळाले. नळाने नुसता सुस्कारा सोडला. टाकी कोरडी होती, टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. पाणी लागत नाही अशी बाग केली आणि पाण्याची सोयच ठेवली नाही, हे त्या क्षणी कळलं. घरात पाणी होतं ते सकाळी बरोबर आणून माठात ओतलेलं, तेवढंच.

ताईंनी आधी फडक्याने त्याचे हात पुसले. मग त्याला ओसरीवर आडवं केलं, डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि दोन बोटांनी पापणी उघडून धरली. "माठ आण. पेल्याने ओत. बारीक धार. सांडू नकोस."

तो ओरडत होता. "ताई, मला दिसत नाहीये. काहीच दिसत नाहीये!"

"काही होत नाही रे," मी म्हटलं.

"खोटं सांगू नकोस त्याला," ताई माझ्यावर कडाडल्या. मग खाली वाकून त्याला म्हणाल्या, "अवि, मला फार भीती वाटतेय. तुलाही वाटतेय. वाटू दे. डोळा मात्र मिटायचा नाही."

आणि त्याने तो मिटला नाही.

माठ तळाला गेला तेव्हा शिवाजीभाऊ विहिरीच्या पाण्याचे कॅन मोटरसायकलला लटकवून आले. हाका त्यांच्या शेतापर्यंत गेल्या होत्या. नाशिकच्या दवाखान्यापर्यंत गाडी मी चालवली. मागे ताई भर घाटात त्याचे डोळे धूत होत्या, पाणी सीटवरून माझ्या पायांपर्यंत येत होतं. अविनाश ओझरच्या कारखान्यात विमानाचे सुटे भाग तपासायचा. केसाएवढा तडा शोधणं हीच त्याची नोकरी. मला समोर रस्ता दिसत होता आणि तो कायमचा अंधारात बसलेला दिसत होता. आरशात पाहायचं धाडस मला झालं नाही.

डॉक्टर म्हणाले, लगेच धुतलं हे बरं केलंत, पण बुबुळाला इजा आहे, वाट पाहावी लागेल. पट्ट्या बांधल्या. ते दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. चहाचा कप त्याच्या हातात देताना तो हवेत चाचपडायचा आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहायचे.

पट्ट्या सुटल्या तेव्हा त्याने डोळे किलकिले केले. मग म्हणाला, "ताई, तुझ्या साडीचा काठ हिरवा आहे ना?"

"निळा," ताई म्हणाल्या.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी स्वतः वाकून काठ पाहिला. "मोरपंखी आहे हो. यात भांडायला जागा आहे." तेव्हा कुठे ताई खाली बसल्या, आणि बसल्या त्या कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. खुर्चीची कड हातातून सोडेनात. "आता काय घाबरायचं?" मी विचारलं.

"तेव्हा वेळ नव्हता," त्या म्हणाल्या.

शेर काढून टाकला. शिवाजीभाऊंनी अंग झाकून, चष्मा लावून उपटला, आणि माळावरच्याच दगडांचा बुटका बांध घातला. "मी सांगितलं होतं," असं ताई एकदाही म्हणाल्या नाहीत.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. धोका आहे असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आत न्यायच्या आधी आम्हाला थोडा वेळ मिळाला. अविनाश कॉटच्या कडेला ताठ उभा होता. पायाशी चादर नीट करत होता, पुन्हा पुन्हा. ताई त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"ताई," तो एकदम म्हणाला, "मला भीती वाटतेय."

साठीला टेकलेल्या माझ्या नवऱ्याच्या तोंडून ते शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

"हो ना?" ताईंचा चेहरा मोकळा झाला. त्या थोड्या सरकल्या, कॉटवर त्याच्यासाठी जागा केली. "मलाही. ये, बस इथे."

तो बसला. त्यांना न्यायला माणसं येईपर्यंत दोघंही एकमेकांचा हात धरून, एकमेकांना काहीही धीर न देता, तसेच बसून होते. ताई त्या ऑपरेशनमधून परत आल्या नाहीत.