वसंताला भिणारे नाना

साऱ्या खानदेशात वसंत ऋतूला भिणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. थंडीत हा माणूस बरा असे. पावसाळ्यात घर चार ठिकाणी गळे, तरी शांतपणे खाली घमेली लावत बसे. पण होळी झाली, पिंपळाला तांबूस पालवी फुटली, की नानांचा चेहरा उतरायला लागे. त्यांच्या मते जगातलं जे काही वाईट व्हायचं ते याच दोन महिन्यांत होतं. विहिरी आटतात, साप बाहेर पडतात, मोहोळं उठतात, वणवे लागतात, चिंचेवर चढलेली मुलं हातपाय मोडून घेतात आणि उन्हानं माणसाला भोवळ येते. "आणि लोक म्हणतात, ऋतूंचा राजा," ते मला म्हणत. "राजाच असा, मास्तर, मग प्रजेचं काय?"

मी तेव्हा साक्रीच्या शाळेत नवाच मास्तर म्हणून लागलो होतो आणि नानांच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेतली होती. नाना मोजणीखात्यात तीस वर्षं साखळी टाकून निवृत्त झाले होते. सातपुड्यापासून पिंपळनेरच्या डोंगरापर्यंत त्यांनी शेतं मोजली होती, आणि प्रत्येक शेताच्या कोपऱ्यावर आपल्याला काहीतरी चावणार आहे अशी भीती बाळगूनच मोजली होती. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी आमची गल्ली घेतली. ओट्याच्या भिंतीला एक काळी रंगवलेली फळी टांगली आणि तिच्यावर रोज सकाळी खडूनं गल्लीची खबर लिहायला सुरुवात केली. अक्षर नकाशावरच्यासारखं, सरळ आणि बारीक. "शिंप्याच्या विहिरीचं पाणी दोन हात खाली. दोर वाढवावा." "पिंपळाखाली बसणाऱ्यांनी आधी वर पाहावे. मुंग्या." "देवी टोचणारे मंगळवारी येणार. लपू नये." एकदा त्यांनी लिहिलं होतं, "कोकीळ आज प्रथम ऐकला. पश्चिमेकडून. आवाज बसलेला वाटला." त्यानंतर तीन दिवस ते पहाटे ओट्यावर कान देऊन उभे राहत. चौथ्या दिवशी फळीवर आलं, "कोकिळाचा घसा सुधारला," आणि मग ते पोटभर जेवले, असं नानी सांगत.

नानी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या स्वभावानं इतक्या निवांत होत्या, की देवानं दोघांच्या वाट्याची काळजी एकट्या नानांना दिली असावी. नाना दारात येरझाऱ्या घालू लागले की त्या ताक घुसळता घुसळता म्हणत, "आज काय पडणार आहे, आभाळ का?"

गंमत अशी, की ज्या ऋतूला नाना भीत, त्याच्यावाचून त्यांना चैनही पडत नसे. कुसुंबाला लाल पानं आली का, पळस किती उरला, तांबट पक्षी कुठल्या झाडाला भोक पाडतोय, हे पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नसे. एकट्यानं पाहणंही जमत नसे. म्हणून दरवर्षी चैत्रात ते गल्लीतल्या माणसांना दोन बैलगाड्यांतून डोंगराच्या पायथ्याशी रान दाखवायला नेत. आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन सगळी वाट पायी तपासत. खड्डे, निसरडे दगड, कठडा नसलेली एक विहीर, सगळं कागदावर मांडत. मग बावीस सूचनांचं पत्रक निघे. प्रत्येकानं खिशात कांदा ठेवावा. अनोळखी फळ खाऊ नये. ओळखीचं खायचं तरी विचारून खावं. दर अर्ध्या कोसावर गाड्या थांबवून नाना माणसं मोजत, आणि बरोबर भरली तरी पुन्हा एकदा मोजत.

मी तिथं होतो त्या दुसऱ्या वर्षी यादीत एकोणीस नावं होती, आणि त्यांत पहिलं नाव अक्कांचं होतं. अक्का आमच्या समोरच्या घरात राहत. साठीच्या पुढच्या, विधवा, कमी बोलणाऱ्या. गल्लीतून देवळात आणि देवळातून घरी, यापलीकडे त्यांना कोणी कुठं गेलेलं पाहिलं नव्हतं. मुलगा कचेरीत कारकून होता. माणूस वाईट नव्हता, पण शब्दाचा ताठ. त्याच्या लग्नात मानपानावरून त्याचं मामाशी बिनसलं होतं. तेव्हापासून, म्हणजे बारा वर्षं, त्या घराचं नावही घरात काढायचं नाही असा त्याचा हुकूम होता. अक्कांनी ते ऐकलं होतं. त्यांनी जन्मभर सगळ्यांचंच ऐकलं होतं. त्या वर्षी मात्र त्या स्वतः ओट्यावर येऊन नानांना म्हणाल्या, "नाना, मन्हं बी नाव लिखा."

मुलानं बरेच आढेवेढे घेऊन परवानगी दिली. निघताना तो नानांना एवढंच म्हणाला, "तुमच्या भरवशावर पाठवतोय. जशी नेताय तशी आणून सोडा."

साधं बोलणं होतं, पण नानांनी ते शपथेसारखं घेतलं. वाटेत त्यांनी अक्कांना पाच वेळा विचारलं, ऊन लागतंय का. अक्का पाचही वेळा नाही म्हणाल्या. त्या गाडीच्या कडेला बसून डोंगराकडे पाहत होत्या. डोंगर जवळ आला तशा त्या सरसावून बसल्या, आणि नानांनी त्यांच्या बाजूला एक उशी लावली.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. नानांनी आम्हांला पळसाची शेवटची फुलं दाखवली, काटेसावरीची बोंडं फुटून उडणारा कापूस दाखवला, आणि तो डोळ्यांत जाऊ नये म्हणून सर्वांना पाठ करून उभं केलं. मग न्याहारीआधी माणसं मोजली. अठरा भरली. पुन्हा मोजली. अठराच.

अक्का नव्हत्या.

अशा वेळी नाना गळ्यातली शिट्टी फुंकून सारं रान गोळा करतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी शिट्टीला हातही लावला नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि ते पळत सुटले. साठी ओलांडलेला तो माणूस धोतर सावरत काट्याकुट्यांतून असा पळाला, की मला गाठायला अवघड गेलं. कुठं चाललेत हे मला उशिरा कळलं. ते त्या कठडा नसलेल्या विहिरीशी जाऊन थांबले. काठावर गुडघे टेकून त्यांनी खाली वाकून पाहिलं. मी मागून त्यांचा सदरा घट्ट धरला होता. तळाला काळंभोर पाणी होतं, अगदी निश्चल. नाना बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, मला नीट दिसत नाही. तुम्ही पाहा."

मी पाहिलं. "काही नाही नाना. नुसतं पाणी आहे."

"नक्की ना?"

"नक्की."

ते तसेच बसून राहिले. तेवढ्यात पलीकडच्या उतारावरून बायकांचं हसू ऐकू आलं.

तिथं मोहाचं मोठं झाड होतं. खाली पहाटेपासून गळलेल्या फुलांचा सडा पडला होता आणि चार भिल्ल बाया टोपल्यांत ती वेचत होत्या. त्यांच्यात पाचव्या अक्का. पदर खोचलेला, तोंडात मोहाचं फूल, आणि त्या मोठमोठ्यानं बोलत होत्या. हा आवाज आम्ही गल्लीत कधी ऐकलाच नव्हता.

"मी आठेच शे, नाना," त्या आम्हांला पाहून म्हणाल्या. "मन्ही माय याच फुलेसनी भाकर करे."

नाना रागावतील असं मला वाटलं. ते नुसते खाली बसले आणि कपाळाचा घाम पुसू लागले. मग अक्कांनी त्यांना हळू आवाजात सांगितलं. त्यांचं माहेर इथून कोसभरावर, टेकडीच्या पलीकडे होतं. या बायांपैकी एक त्यांच्या भावाच्या शेतावर कामाला जाई. भाऊ जिवंत होता. दोन वर्षांपासून त्याची दृष्टी गेली होती. आल्यागेल्याला तो विचारी, साक्रीकडून कोणी आलंय का.

इतकं सांगून अक्का पुन्हा फुलं वेचू लागल्या. मला तिकडे न्या, असं त्या म्हणाल्याच नाहीत.

नाना उठले, थोडं दूर गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. मुलाला दिलेला शब्द, वाट तपासलेली नाही, बैल दमलेले, ऊन चढतंय. पाच मिनिटांनी ते परत आले.

"कोसभर म्हणजे गाडीनं पाऊण तास," ते म्हणाले. "परत पाऊण तास. तिथं तासभर. चला अक्का."

बाकीच्यांना त्यांनी नानींच्या हवाली केलं आणि शिट्टी नानींच्या गळ्यात घातली. नानींनी ती काढून पानाच्या डब्यात ठेवली. एक गाडी, अक्का, नाना आणि मी, असे आम्ही टेकडीला वळसा घालून निघालो. माणसं घेऊन न तपासलेल्या वाटेनं नाना बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच गेले. सबंध वाट त्यांनी गाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

अक्कांचा भाऊ खळ्याच्या कडेला बाजेवर बसला होता. वाळलेला, उंच म्हातारा. गाडीचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली. "कोन शे?"

अक्का उत्तर न देता त्याच्याजवळ जाऊन बसल्या. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. म्हाताऱ्यानं दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट चाचपलं, बांगड्या नसलेलं, आणि कोपराजवळचा जुना भाजल्याचा वण त्याच्या बोटांना लागला. त्याचा हात तिथंच थांबला.

"इतला दिन लागनात तुले?" तो म्हणाला.

नाना आणि मी बाहेर पडलो. तासभर नाना कुंपणाशी उभे होते. सूर्य कुठं आलाय ते पाहत, बैलांच्या तोंडाचा फेस पाहत, आणि मधेच नाक शिंकरत. "धूळ फार आहे इकडे," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

बाकीच्यांना घेऊन गावाकडे परत निघालो आणि खरी धास्ती सुरू झाली. एकतर अक्कांच्या ओच्यात मोहाची फुलं होती. दारूबंदीचे दिवस. मोह जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरतो, असं नानांचं म्हणणं होतं, आणि अक्का फुलं टाकायला तयार नव्हत्या. गाव मैलभरावर आलं तेव्हा नानांनी दोन्ही गाड्या थांबवल्या, फुलं सगळ्यांना सारखी वाटली आणि समोर उभं राहून खायला लावली. अनोळखी फळाबद्दलची त्यांची सूचना कोणीतरी काढली, तेव्हा ते म्हणाले, "हे फूल आहे. खा."

मग ते गाडीच्या चाकाला धरून उभे राहिले. "आणखी एक सूचना आहे," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता. "आज अक्का कुठं गेल्या होत्या, ते गल्लीत कोणी बोलायचं नाही. मी सांगतोय, ज्याला एक गोष्ट पोटात ठेवता येत नाही तो माणूस. पण एवढी ठेवा."

शिंप्याच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला.

दारात अक्कांचा मुलगा उभा होता. "कसं झालं?" त्यानं विचारलं. नानांनी घसा साफ केला. "पळस संपत आलाय," ते म्हणाले. "बाकी सगळं यथास्थित." नानांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा पाहत होतो आणि त्यांना ते मुळीच येत नव्हतं. कान लाल झाले होते. पण मुलगा आईकडे पाहत होता. आईच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की त्यानं पुढं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळीवर मोहाचा बहर, काटेसावरीचा कापूस आणि एकोणीस माणसं सुखरूप परत, एवढंच होतं. पुढचे दीड महिने नाना रोज धसकून उठत. आज कोणीतरी बोलणार, आज कळणार. अक्कांचा मुलगा रस्त्यानं येताना दिसला की ते आत जाऊन उगाच तांब्या शोधत. कोणी बोललं नाही. अठरा तोंडांची ती गल्ली कशी गप्प राहिली, याचं मला अजून नवल वाटतं.

ज्येष्ठ लागला त्या सुमारास आठवड्याच्या बाजारात त्या गावचा एक माणूस नानांना भेटला. अक्कांचा भाऊ चार दिवसांपूर्वी गेला होता. नाना घरी आले आणि फळीसमोर खडू घेऊन बसले. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "हिच्यावर लिहून काय उपयोग? जिला कळायला हवं तिला वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येतं त्याला कळायला नको."

मुलगा कचेरीत गेल्यावर आम्ही दोघं समोर गेलो. अक्का सुपात डाळ निवडत होत्या. नानांनी जमेल तितक्या हळू सांगितलं. अक्कांचे हात थांबले नाहीत. खडा वेचून बाजूला ठेवला, मग दुसरा. थोड्या वेळानं मान वर न करता त्यांनी विचारलं, "शेवटले कोन्ही पाणी दिधं का त्याले?"

बाजारातल्या माणसानं हे काही सांगितलं नव्हतं. नानांनी विचारलंही नव्हतं.

"दिलं अक्का," नाना म्हणाले. "घरचे सगळे जवळ होते."

अक्कांनी मान हलवली. आम्ही निघालो. रस्ता ओलांडायला दहा पावलं लागतात, मधल्या पाचव्या पावलावर नाना उभे राहिले, माझा दंड धरला आणि विचारलं, "मास्तर, दिलंच असेल ना हो कोणीतरी?"

त्यांच्या डोळ्यांतली ती काळजी मी पुष्कळदा पाहिली होती, विहिरींसाठी, मुंग्यांसाठी, कोकिळासाठी. दर वेळी मी मनात हसलो होतो. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

"दिलं असेल," मी म्हणालो. आणि आम्ही घरात गेलो.