पोट मागनं बघू, आधी तोंड उघड

गरोदर बाई दवाखान्यात आली की आमची डॉक्टरीणबाई आधी तिच्या पोटाला हातच लावायची नाही. बॅटरी घ्यायची आणि ओरडायची, "पोट मागनं बघू, आधी तोंड उघड!" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. दवाखाना कोल्हापुरात, पण आमच्या गडमुडशिंगी गावात घराघरात तिचं नाव 'सुजंची डॉक्टरीण'. कारण बाईच्या अंगात सूज कुठं आहे तेच ती हुडकत बसायची. हिरड्या, घसा, लघवी, काही म्हणजे काही सोडायची नाही.

ती सीमेकडची, कानडी घरातली. प्रत्येक पोटुशीला 'तंगेव्वा' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. आवाज असा की रस्त्यावर ऐकू जावा. नव्वद सालानंतर माझ्या शांताला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी तिला या बाईकडं नेलं. आधीची दोन्ही बाळं सातव्यात आली आणि गेली होती. मी सरळ विचारलं, "बाई, हे तरी दिवस भरंपर्यंत ऱ्हाईल का?"

"खात्री द्यायला मी देव न्हाय, पावणं. म्हशी हायत का घरात?"

"हायत की."

"ताप भरलेली म्हैस दिवसांआधी गाभ टाकते, गाभडते का न्हाय?"

"गाभडते की!"

"मग! अंगात कुठं आग असली की पिशवी वेळेआधी गडबड करते. आपण आग हुडकू, सापडली की विझवू. पुढचं पुढं."

म्हशीचं नाव काढल्यावर मला एकदम पटलं.

आग तोंडातच सापडली. शांता सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची. हिरड्यांतून रक्त आलं की आणखी चोळायची, मिश्रीनं हिरड्या घट्ट होतात म्हणून. आमच्याकडं सगळ्या बायकांची हीच समजूत. बाईनं बॅटरी मारली आणि कपाळाला हात लावला. "अगं तंगेव्वा, तंबाखू जाळून जखमेवर चोळतीस आणि त्याला औषध म्हणतीस? आजपासनं बंद. आणि उद्या दातांच्या डॉक्टरकडं जायचं."

घरी माझी आई उसळली. "पोर पोटात आणि दाखवायचं दाताला? त्या बाईलाच कुणाला तरी दाखवा!" हे बोलताना म्हातारीचं बोट मिश्रीनं काळंच होतं. शांतानं मिश्री सोडली, पण राग भांड्यांवर काढला. आठवडाभर घरात नुसता दणदणाट.

सातवा लागला आणि एका सकाळी शांताला हुडहुडी भरली. लघवीला आग, अंगात ताप, पोट दगडासारखं कडक होत होतं. दुधाचा टेम्पो गावातनं निघतच होता, त्यात तिला बसवलं. सकाळी सकाळी दवाखान्याच्या दारात गेलो, तरी बाई अजिबात रागावली नाही. "लघवीत जंतू झालेत, त्यानं ताप आलाय, पोटबी आवळतंय. लगेच आलात, झ्याक केलंत." सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. मी दारातनं हलत नव्हतो.

"बाई, ऱ्हाईल न्हवं?"

"गप बसा. माझं भांडण चाललंय त्या तापासंगं!"

दुसऱ्या दिवशी पोट सैल पडलं. पुढं काही दिवसांनी तपासणीचा कागद आला तेव्हा ही बाई बाहेर येऊन भरल्या बाकड्यांसमोर ओरडली, "तंगेव्वा, तुझी लघवी एकदम साफ!" शांतानं पदर नाकापर्यंत ओढला. मी मात्र टाळ्या वाजवल्या. माझं बघून बाकड्यावरच्या चार बाप्यांनीही वाजवल्या!

आठवा गेला, नववा लागला. आम्हाला आनंद करायचं धाडस नव्हतं, तो सगळा बाईच करायची. आणि पोरगी झाली त्या दिवशी ती दार ढकलून आली ती नाचतच. "पावणं, दिवस भरून आली! आवाज ऐकताय न्हवं? फुप्फुस हाय का भोंगा!" माझ्या आईनं मूठभर साखर आणली आणि म्हणाली, "आता तू उघड तोंड, बाई!"

मी म्हणालो, "बाई, तुमच्यामुळं झालं." तर म्हणते कशी, "कशामुळं ते मलाबी ठाऊक न्हाय. मिश्री सुटली म्हणून, औषध लागू पडलं म्हणून, का पोरगीच हट्टी म्हणून. तुम्ही आधी पोरीला घ्या, पावणं."

दोन हजार सालानंतर तिनं दवाखाना बंद केला आणि सीमेकडं आपल्या गावी गेली. पुढं ती वारल्याचं कानावर आलं.

गेल्या साली शांता गेली. शेवटी तिची वाचा बंद झाली होती. डोकं पोरीच्या मांडीवर आणि डोळे पोरीच्या तोंडावर. मला काही तिथं बसवेना. तेव्हा पोरगी म्हणाली, "आण्णा, तुम्ही जरा भाईर बसा. मी हाय की आईजवळ."

जिच्यासाठी मी 'ऱ्हाईल का' विचारत होतो, ती म्हणत होती, मी हाय की! हे ऐकायला डॉक्टरीणबाई पाहिजे होती. दवाखाना डोक्यावर घेतला असता तिनं.